पाठमोरी

चपलेचा अंगठा तुटला नसता तर ती तिथे थांबलीच नसती. पुलाखालच्या कोपऱ्यावर चपला शिवणारा बसायचा. त्याच्यासमोर ती एका पायावर उभी होती. दुसरा पाय त्यानं सरकवलेल्या पुठ्ठ्यावर, उघडा. दिवसभर मोज्यात कोंडलेली बोटं पांढरीफटक पडली होती, सुरकुतली होती, आणि ती आपली नसून कुठल्यातरी पेशंटची आहेत अशा नजरेनं ती त्यांच्याकडे बघत होती. ड्यूटी संपल्यावर बराच वेळ तिला स्वतःचं अंग असंच परकं वाटायचं. तेवढ्यात कुणीतरी तिचं मनगट धरलं. नुसता हात लावला नाही, धरलं. नाडी बघायला धरतात तसं.

"सिस्टर! सिस्टरच ना तुम्ही? ओळखलंत का मला?"

समोर एक बाई होती. चाळिशी ओलांडलेली, खांद्याला पिशवी, नाकाच्या शेंड्यावर घाम. तिनं तो चेहरा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि आत कुठेही काही हललं नाही. "हो हो, ओळखलं की," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या जिभेवर तयारच असायचं. रस्त्यात, दवाखान्याच्या फाटकाशी, एखाद्या लग्नाच्या पंगतीत माणसं अशी अचानक पुढे येऊन उभी राहायची, आणि तीस वर्षांच्या नोकरीत ती एक गोष्ट शिकली होती: 'बरे आहेत ना आता?' असं आपण होऊन विचारायचं नाही. नुसतं हसायचं, मान हलवायची, आणि समोरच्याच्या तोंडून माणूस जगला की गेला ते कळेपर्यंत थांबायचं.

"माझा भाऊ होता ना तुमच्याकडे. सहा नंबरला, खिडकीजवळ."

सहा नंबर म्हटल्याबरोबर डोक्यात काहीतरी उजळलं खरं, पण तो चेहरा नव्हता. ती कॉम्प्युटरवरची ओळ होती. एका औषधाची अ‍ॅलर्जी असल्याची गुलाबी पट्टी. लिव्हरचे आकडे, चढत गेलेले. लघवीचं माप, उतरत गेलेलं. एवढं सगळं लख्ख आठवलं आणि त्या ओळीच्या मागे जो माणूस पडलेला असणार, त्याच्या जागी नुसती पांढरी उशी.

"त्या दुपारी मी खाली औषधं आणायला गेले आणि तेवढ्यातच..." बाईचा आवाज चिरकला. "डॉक्टर म्हणाले, सिस्टर तिथेच होत्या. तुम्ही त्याच्याजवळ होतात ना?"

"हो. मी तिथेच होते." हे खरं होतं.

"शेवटी काही बोलला का हो तो?"

चपला शिवणाऱ्यानं दोरा दातात धरून ताणला. शांतपणे गेले, काही त्रास झाला नाही, हे नेहमीचं उत्तर द्यायला हवं होतं. ते तिनं कितीतरी जणांना दिलं होतं. पण मनगटावरची बोटं सुटत नव्हती, एक पाय उघडा होता, निघून जायची सोय नव्हती, आणि त्या बाईच्या चेहऱ्यावर इतकी उघडीवाघडी आशा होती की तिच्याकडे बघवेना. काहीतरी दिलं की ही जाईल, एवढंच तिला वाटलं. "आईची आठवण काढली त्यांनी," ती म्हणाली. आणि तेवढ्यानं बाई हलेना, तेव्हा आणखी: "आई... असं म्हणाले. हळूच."

मनगट सुटलं. बाई एक पाऊल मागे सरली. "आई म्हणाला? आई?" आणि मग तिथेच, गाड्यांच्या धुरात, ती हसतही होती आणि डोळेही पुसत होती. "सिस्टर, अहो आम्ही तिला वहिनी म्हणतो! काका, आत्या, घरातले सगळे वहिनी म्हणायचे, आम्हीही तेच उचललं. जन्मात कधी आई म्हटलं नाही. आणि हा तर तिच्याशी बोलतही नव्हता. कितीतरी वर्षं. दोघंही हट्टाला पेटलेली. तो आजारी पडला तर म्हणाली, बोलावलं तर येईन. आणि हा बोलावेना. मी मधल्यामध्ये. शेवटी आली ती थेट स्मशानात." बाईनं आता तिचे दोन्ही हात धरले. "तुम्हाला नाही कळायचं तुम्ही काय सांगितलंत ते. आज जाऊन वहिनीला सांगते."

"घ्या बाई," चपला शिवणारा म्हणाला, "आता वर्षभर बघायला नको." तिनं चपलेत पाय सरकवला. बाई गर्दीत शिरली होती, जवळजवळ पळत.

घरी नवरा स्वयंपाकघरात स्टुलावर चढून ट्यूबलाइट बदलत होता. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेलं, त्यामुळे रिटायर झाल्यावरही त्याला काहीतरी वर चढवल्या-उतरवल्याशिवाय चैन पडायचं नाही. तिनं सगळं सांगितलं. तो वरूनच म्हणाला, "मग बरंच केलंस की."

"अहो, खोटं बोलले मी."

"तिचं समाधान झालं ना? मग झालं तर. म्हातारी आता सुखानं झोपेल. तुझ्या सगळ्या औषधांनी जेवढी झोप येत नसेल तेवढी ह्या एका शब्दानं येईल. धर जरा ही." तिनं जुनी ट्यूब धरली. ती अजून कोमट होती. "पण खरं काय म्हणाला होता तो?" त्यानं सहज विचारलं.

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. पण तो काहीतरी म्हणाला होता. हे तिला आत्ता, ह्या क्षणी आठवलं. काही बोललाच नाही असं ती पुलाखालीही समजून चालली होती. खोटं बोलले ते रिकाम्या जागेवर बोलले असं. पण जागा रिकामी नव्हती. ती कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसली होती, बोटं चालू होती, आणि पाठीमागून आवाज आला होता. माणसाचा. एक शब्द किंवा दोन. त्यानंतर किती वेळ गेला कुणास ठाऊक, मॉनिटर ओरडायला लागला, ती उठली, सगळे धावले. त्या ओरडण्यानं आधीचं सगळं पुसून टाकलं होतं, ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तसं, आणि आता पाटीवर फक्त ओल राहिली होती.

कॉम्प्युटर वॉर्डात आला तेव्हा बायकांनी त्याचं नाव जावई ठेवलं होतं. त्याला वेगळं टेबल, वेगळा पंखा, अंगावर प्लॅस्टिकचा अभ्रा. जवळून कुणी चहाचा कप नेला तरी इन्चार्ज खेकसायची. ड्यूटी बदलताना एकमेकींना विचारायच्या, "जावयाचं जेवण झालं का?" म्हणजे एंट्र्या झाल्या का. सगळ्याजणी त्याच्यावर खार खाऊन होत्या. एक रोज पासवर्ड विसरायची, आणि विसरला की तिचा चेहरा शाळेला सुट्टी मिळाल्यासारखा खुलायचा. एक म्हणायची, आम्ही पेशंटसाठी भरती झालो की ह्या डब्यासाठी? एक कीबोर्डवर एकाच बोटानं टाइप करायची, जणू गरम तव्याला हात लावते आहे. तिला सगळे एकबोटी म्हणायला लागले ते आजतागायत. आणि ती स्वतः? ती मास्तरीण. ट्रेनिंगला आलेल्या मुलानं शिकवलेलं तिनं दोन दिवसांत उचललं आणि मग बाकीच्यांना तिनंच शिकवलं. वरचे साहेब मीटिंगमध्ये तिच्याकडे बोट दाखवून सांगायचे, बघा, ह्यांचं वय आडवं आलं का? ती मान खाली घालून हसायची. पण तिला तो जावई का आवडला हे साहेबांनाही माहीत नव्हतं आणि तिनंही कधी स्वतःशी नीट उच्चारलं नव्हतं. आवडला, कारण त्याच्यासमोर खुर्ची होती. नर्सनं बसलेलं कुणाला बघवत नाही. बसली की दहा जण हाका मारतात. पण पडद्याकडे तोंड करून बसलेल्या नर्सला हाक मारताना माणसं दबतात. काहीतरी महत्त्वाचं चाललं असणार, असं त्यांना वाटतं. सुरुवातीच्या वर्षांत एकेक पेशंट तिच्या मागे घरापर्यंत यायचा, ताटात यायचा, अंथरुणात यायचा. पुढे कातडी जाड झाली म्हणतात तशी झाली, तरी कुठेतरी पातळ राहिलेली असायचीच. पडद्यानं ते काम पुरं केलं. माणूस त्यात गेला की आकडे होऊन जायचा. आकडे कण्हत नाहीत. आकड्यांच्या तोंडाला वास येत नाही. ते वर जातात, खाली येतात, आणि एका दुपारी थांबतात.

टेबल भिंतीकडे तोंड करून ठेवा, हेही तिनंच सांगितलं होतं. वायरमन विचारत होता, बाई, इकडे तोंड केलं तर सगळे बेड समोर दिसतील, चालेल ना? ती म्हणाली होती, नको, खिडकीचा उजेड पडद्यावर येतो, अक्षरं दिसत नाहीत. उजेड येतच होता. खोटं नव्हतं ते. पण पडदा थोडा तिरका केला असता तरी भागलं असतं, हे तिला तेव्हाही दिसत होतं.

पुढचे दिवस ती तो शब्द शोधत राहिली. शोधत म्हणजे काय करायचं हे कळत नव्हतं. हरवलेली किल्ली शोधताना निदान कप्पे उघडता येतात. बसमध्ये, नळाखाली हात धुताना, नवऱ्याच्या घोरण्याकडे कान लावून, ती त्या दुपारच्या खुर्चीत पुन्हा जाऊन बसायची. समोर पडदा. चौकटी एकेक करून भरायच्या, सगळ्या भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. वेदना शून्य ते दहा. कूस बदलली. तोंड स्वच्छ केलं. रुग्णाशी बोलून धीर दिला. ह्या शेवटच्या चौकटीवर ती होती की तिच्या पुढे गेली होती? तिथपर्यंत सगळं स्वच्छ यायचं, माउसच्या खालचा चिकट डाग सुद्धा, आणि मग पाठीमागून आवाज. तिथे ती एकेक शब्द ठेवून बघायची. पाणी. सगळेच पाणी मागतात, बसत होता तो शब्द. दुखतंय. तोही बसत होता. ताईला बोलवा. बसत होता. आणि एक होता तो ती पुढे सरकूच द्यायची नाही, तरी तो कोपर मारून आत घुसायचाच: श्वास लागत नाही. तसं म्हणाला असेल तर? ती तेव्हाच उठली असती, पलंग उभा केला असता, ऑक्सिजन वाढवला असता, डॉक्टरांना हाक मारली असती. डॉक्टर नंतर म्हणाले होते की लिव्हर पार गेलंच होतं, आज नाही तर उद्या. पण मग उद्या तरी. एक दिवस. एका दिवसात माणूस आईला बोलावू शकतो. ह्या विचारापाशी आली की ती बसमधून भलत्याच थांब्यावर उतरायची.

चेहराही आठवेना. निदान चेहरा आठवला असता तर ओठांच्या हालचालीवरून काही लावता आलं असतं, असला वेडा हिशेब ती करायची. ओठ तर तिनं पाहिलेच नव्हते.

शेवटी कपडे बदलायच्या खोलीत तिनं एकबोटीला गाठलं. एकबोटीच्या एंट्र्या कायम मागे, तिच्या ओळी पडद्यावर कायम लाल, पण ती पेशंटच्या उशाशी बसून गप्पा मारते असा तिचा लौकिक होता. तिला आठवेल. तिच्यासारखीला आठवतं. "अगं, खिडकीजवळचा तो सहा नंबर," तिनं विचारलं, "लिव्हरवाला. दिसायला कसा होता गं?"

एकबोटी केसांतल्या पिना काढून तोंडात धरत होती. "कधीचा?"

तिनं सांगितलं. एकबोटीनं विचार केला, मान हलवली. "नाही बाई. त्याची बहीण असायची ना, बडबडी? बहीण आठवते. तो नाही."

"तुलाही नाही आठवत?"

"मला का आठवावं? किती येतात, किती जातात."

"नाही, मला वाटलं... म्हणजे आपण आता सारख्या त्या पडद्यात डोकं घालून असतो ना. पूर्वी कसं, माणसं लक्षात राहायची."

एकबोटीनं तोंडातल्या पिना काढल्या आणि तिच्याकडे पाहिलं. चिडून नाही, दमून. "पूर्वी राहायची? तुझ्या? माझ्या तर नाही राहायची. पूर्वी आपण कागदात डोकं घालायचो. त्याआधी साबणाच्या पाण्यात. मला तो डबा आवडत नाही कारण माझी बोटं चालत नाहीत, सगळ्यांसमोर माझी फजिती होते, म्हणून. उगाच त्याच्या माथ्यावर काय काय मारायचं आता!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "काय झालंय गं तुला? चेहरा बघ जरा आरशात."

तिनं आरशात पाहिलं नाही. आतापर्यंत एक वाट उघडी होती असं तिला वाटत होतं, अंधारी का होईना: सगळं खापर जावयावर फोडायची. उद्यापासून त्याचा राग करायचा, टेबल फिरवून मागायचं, बायकांमध्ये बसून त्याला शिव्या घालायच्या. एकबोटीनं ती वाट सहज, पिना तोंडातून काढता काढता बंद करून टाकली होती. पडद्यानं तिची मान धरून ठेवली नव्हती. मान वळत होती. ती वळवली गेली नव्हती, एवढंच.

भेटायच्या वेळेला ती बाई वॉर्डाच्या दाराशी आली तेव्हा तिला आश्चर्य वाटलं नाही. ती रोज त्या दाराकडे बघत होतीच. बाईच्या मागे एक लहानखुरी म्हातारी होती, केस घट्ट बांधलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. "सिस्टर, ही वहिनी," बाई म्हणाली. "ऐकेचना. म्हणाली, मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय."

वॉर्डात कुठल्याही म्हाताऱ्या बाईला 'आई' म्हणायची सवय. ओठांवर आलेला शब्द तिनं गिळला. "या. बसा ना," ती म्हणाली. सहा नंबर रिकामा होता, सकाळीच एकाला घरी सोडलं होतं, चादर नुकती बदललेली. म्हातारी बसली नाही. तिनं पलंगाच्या दांडीवर हात ठेवला.

"हाच का?"

"हो."

म्हातारीनं दांडीवरून हात फिरवला, इकडून तिकडे. "ही म्हणते, आई म्हणाला. मला तुम्ही सांगा. शब्द नको, तो कळला मला. आवाज कसा होता त्याचा? लई वर्षं झाली ऐकून. जाड झाला होता का?"

नवरा म्हणाला होता, येऊ दे, दोन गोड शब्द बोल आणि मोकळी हो. ती बोलणारही होती. हळू होता आवाज, प्रेमळ होता, असं काहीतरी. तिनं तोंड उघडलं आणि तिला कळलं की त्या आवाजाबद्दल एक अक्षर जरी खोटं बोललं तर जो काही खरा आवाज कुठेतरी आत अडकून राहिला असेल तोही जाईल. मग तो कुणाकडेच राहणार नाही. "ते तसं म्हणाले नाहीत," ती म्हणाली.

"अहो सिस्टर?" बहीण पुढे झाली. "तुम्हीच तर मला—"

"मी खोटं सांगितलं. ते बोलले. काहीतरी बोलले, एवढं खरं आहे. काय ते मला कळलं नाही. मी कॉम्प्युटरवर होते. माझी पाठ होती त्यांच्याकडे."

 बहीण ओरडलीच, पलीकडच्या पलंगावरचे लोक वळून बघायला लागले. "मग आई म्हणाला कशाला सांगितलंत? कुणी मागितलं होतं तुमच्याकडे? मी हिला... ही बाई आठ दिवस जेवली नीट, कळतंय का तुम्हाला? माणसं आहात का कोण आहात?"

"गप गं," म्हातारी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तरीच. मी हिला म्हटलं, तो मला आई कशाला म्हणेल." तिनं वॉर्डभर नजर फिरवली. मग म्हणाली, "तुम्ही कुठे बसला होतात?"

तिनं टेबल दाखवलं. म्हातारी गेली, फिरत्या खुर्चीवर बसली. खुर्ची तिच्या वजनानं जराही खाली गेली नाही. तिनं ती स्वतःच भिंतीकडे वळवून घेतली, हात मांडीवर ठेवले, आणि काळ्या पडद्याकडे तोंड करून म्हणाली, "बोला आता तिथून."

"काय बोलू?"

"काहीही. पण पडून बोला. तो काय उभ्यानं बोलला असेल?"

बहीण भिंतीला टेकली होती, तोंडावर हात धरून. पलीकडचे लोक बघत होते. तीस वर्षांत तिनं ह्या पलंगांवर हजारो माणसं निजवली होती, त्यांना वळवलं होतं, उचललं होतं, कितीकांचे डोळे मिटले होते; पण स्वतः कधी पाठ टेकली नव्हती. तिनं बूट काढले. आडवी झाली. चादरीखालचा रबराचा कपडा करकरला. वर छताचा पोपडा होता, सलाईन अडकवायचा आकडा होता, आणि मान डावीकडे टाकली की पाठ दिसत होती. एक पाठ. इथून दुसरं काहीच दिसत नव्हतं. खिडकीतलं आकाशसुद्धा डोक्याच्या मागे राहत होतं. त्यानं एवढंच पाहिलं असणार. दिवसचे दिवस. तिच्या गणवेशाची पाठ, पट्ट्याची गाठ, टोपीखालची मान. त्याचा चेहरा तिला आठवत नव्हता, पण तिची पाठ त्याला पाठ झालेली असणार.

काय बोलायचं हे तिनं ठरवलं नाही. पोटातून हवा वर आली आणि तिच्याबरोबर तो शब्द आला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेला, तिच्या तोंडून ह्या जागेवरून कधीच न निघालेला. "सिस्टर," ती म्हणाली. अगदी हळू. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं.

"ऐकू येतं," म्हातारी म्हणाली. वळली नाही. "मला कमी ऐकू येतं, तरी ऐकू येतं."

आणि तेव्हा आठवलं. शोधलेलं नव्हतं ते, आणि ज्या जागी ती शोधत होती तिथे ते नव्हतंच. त्याचा शब्द नव्हता तो. तो तिचा स्वतःचा होता. लगबगीचा, गोड, थोडा गाण्यावर ओढलेला, दिवसातून शंभर वेळा तोंडातून निघणारा. मान न वळवता दिलेला. इतका तिचा होता की ती त्याला बोलणंच समजत नव्हती.

खुर्ची फिरली. म्हातारी आता तिच्याकडे बघत होती. ती पलंगावर पडलेली, म्हातारी टेबलापाशी. "म्हणजे तुम्हाला ऐकू आलं असणार," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज चौकशी करणाऱ्या माणसाचा होता, आरोप करणाऱ्याचा नव्हता. "मग तुम्ही काय म्हणालात त्याला?"

तिला गप्प राहता आलं असतं. आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. आत्ता आत्तापर्यंत ते खरं होतं.

"एक मिनिट हं, म्हणाले."

म्हातारीनं मान हलवली. एकदा, मग पुन्हा. गुडघ्यावर लुगड्याची न पडलेली सुरकुती तिनं हातानं सारखी केली.

"मग थांबला असेल तो," ती म्हणाली. "त्याचं तसंच होतं. थांब म्हटलं की थांबायचा. मी कामात विसरून जायचे हो, आणि कधीतरी बाहेर येऊन बघावं तर हा आपला दाराशी उभा. हाकसुद्धा मारायचा नाही पुन्हा."

बहीण मोठ्यानं रडायला लागली. कुणीतरी पाणी आणायला गेलं. तिला उठायचं होतं, म्हातारीला धरून बाहेर न्यायचं होतं, निदान बूट तरी घालायचे होते. तिनं दोन्ही हात गादीवर दाबले. पण म्हातारी खुर्चीत तशीच बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, अगदी नीट, घाई न करता, लक्षात ठेवायचा असल्यासारखी. आणि ती बघायची थांबेपर्यंत तिला उठता येईना.